उरलेला तुकडा

मार्थाचा उजवा हात मोडला हे फोनवर ऐकलं तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं. क्रम असाच होता. ख्रिस्ती पाळकाच्या घरात जन्मलेल्या आणि सांगलीच्या शाळेत तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलेल्या बाईनं निदान क्रम तरी खरा सांगावा.

"न्हाणीत पाय घसारला गं बेबे," ती सांगत होती. मला बेबी म्हणणारी आता जगात ती एकटीच उरली आहे. "मनगाट गेलं. डाक्टरनं पार कोपरापातूर पलास्टर घातलंय. आन् शनवारी भाकर करायची हाय. मंडळीतली पोरं म्हनत्यात, मावशे, पाव आनू. म्हनलं, पाव कशापायी? पाळकीणबाईंची लेक जित्ती हाय की. तू ये."

येते म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. एरवी मला कारणं पटकन सुचतात. गेल्या सात वर्षांत वडूजच्या मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चचं, प्रभुभोजन असलं की मला सांगलीत काही ना काही काम निघालेलं आहे.

सांगली सोडली की विट्यापर्यंत ऊस आणि द्राक्षांचे मांडव सोबतीला असतात. मायणीकडे वळलं की ते एकेक करून मागं राहतात आणि मग नुसता माळ, मेंढरांचे कळप आणि शाळूची उभी रानं. फेब्रुवारीत हुरडा संपत आलेला असतो, कणसं पांढरी पडायला लागतात. बसच्या खिडकीतून तो कोरडा, गोडसर वास आला आणि मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. पिशवीत अर्धा किलो बेदाणा होता. वडूजला जाताना मी बेदाणा नेते, आई होती तेव्हापासून माझ्या सांगलीच्या घरातून तोच जातो.

प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून आम्ही ख्रिस्ती लोक भाकरीचा एकेक तुकडा आणि द्राक्षरसाचा एकेक घोट घेतो, तेच प्रभुभोजन. शहरातल्या चर्चमध्ये भाकर म्हणजे पाव असतो, सुरीनं कापलेला, सगळे तुकडे एका मापाचे. वडूजला मात्र भाकर म्हणजे भाकरच, शाळूची, हातानं थापलेली. आणि द्राक्षरस म्हणजे बेदाणा भिजवून, उकळून, पांढऱ्या फडक्यातून गाळलेलं पाणी.

कंपाउंडात शिरले तर चिंचेची झाडं होती, मुलींच्या वसतिगृहाला कुलूप होतं आणि चर्चच्या दारातली घंटा लोखंडी खांबाला तशीच लटकत होती. वसतिगृह बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याचं मागचं स्वयंपाकघर मार्थाकडेच आहे. आयुष्यभर तिनं तिथं मुलींना रांधून घातलं, आधी तिच्या आईच्या हाताखाली आणि मग एकटीनं. दार उघडंच होतं. आत अंधार, धुराचा जुना वास, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली काठवट.

ती काठवट माझ्या आईची. बाभळीच्या एकाच लाकडातून कोरलेली, पाच शेर पीठ मावेल एवढी. तिचा एक काठ झिजून आत गेला आहे, जिथं भाकरी थापताना तळहाताची कड घासते तिथं. अर्धी झीज आईची. उरलेली अर्धी माझी असायला हवी होती.

महिन्यातला पहिला रविवार प्रभुभोजनाचा, म्हणून आदल्या शनिवारला आमच्या लहानपणी एक वेगळाच वास असायचा. सकाळी आई तांब्याच्या पातेल्यात बेदाणा भिजत घालायची. दुपारी तो चुलीवर चढला की सगळं कंपाउंड गोड व्हायचं. गाळून झाल्यावर फडक्यात उरलेले फुगलेले, फिके दाणे आम्हा पोरींना मिळायचे. चव सगळी पाण्यात गेलेली असायची, तरी आम्ही त्यासाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून असायचो. आई मला एक द्यायची, मार्थाला एक द्यायची. मार्थाचा नेहमी मोठा असायचा. मी कधी मोजून पाहिला नाही, पण मला दिसायचं.

चार वाजता घंटा व्हायची आणि तयारीची सभा भरायची. त्यात वडील विचारायचे, उद्या भोजन घेणारे कोण? माणसं हात वर करायची, वडील मोजायचे. तो आकडा घेऊन आई स्वयंपाकघरात यायची, अंघोळ करून पांढरं लुगडं नेसायची आणि काठवटीपुढं बसायची. बसल्यावर पीठ ओढायच्या आधी मार्थाची आई चंद्राबाई तिला विचारायची, "पाळकीणबाई, कुनाशी आबोला?" आई म्हणायची, "कुणाशी नाही." मगच पिठात पाणी पडायचं. हा आमच्या मंडळीचा रिवाज. जिचा कुणाशी अबोला आहे, जिच्या मनात कुणाबद्दल अढी आहे, तिनं ही भाकर थापायची नाही. एका शनिवारी चंद्राबाईनं विचारलं आणि आई गप्पच बसली. मग उठली, पांढऱ्या लुगड्यानिशी दोन शेतं ओलांडून आपल्या जावेकडे गेली, आणि दिवेलागणीला परत येऊन पीठ मळलं.

भाकरी झाल्या की गरम असतानाच मोडायच्या. माणसं जितकी, तुकडे तितकेच, एक कमी नाही, एक जास्त नाही. उपासना संपल्यावर ताट रिकामंच परत यायला हवं. कधी एखादा तुकडा उरलाच तर तो टाकायचा नसतो, कुत्र्यामांजराला घालायचा नसतो. जिनं भाकर केली तिनंच तो खायचा. आणि तुकडा उरला याचा अर्थ हात वर केलेल्या कुणीतरी ताट पुढं सरकवलं होतं. आई तो तुकडा हातात धरून चर्चच्या दारात उभी राहायची आणि बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघायची. संध्याकाळी साखरेची पुडी घेऊन कुणाच्या तरी घरी जायची, चहा प्यायची आणि परत यायची. काय बोलणं झालं हे आम्हाला कधी कळलं नाही. पुढच्या महिन्यात तुकडा उरायचा नाही एवढं खरं.

मला ती भाकर थापायची होती. लहानपणी मला दुसरं काहीच एवढं हवं नव्हतं. नाताळच्या नाटकात देवदूत व्हायला मिळालं, पहिला नंबर मिळाला, साताऱ्याच्या वक्तृत्व स्पर्धेतली ढाल मिळाली. मार्थाला यातलं काही मिळालं नाही. तिला गणित येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, गाताना ती ताल सोडून पुढं जायची. पण नवव्या वर्षी तिनं भाकरी टाकली आणि ती तव्यावरच टम्म फुगली. आई म्हणाली, "बघा, बघा!" माझ्या ढालीला आई 'छान' म्हणाली होती.

आम्ही सोळा वर्षांच्या होतो. आईचे हात संधिवातानं आखडायला लागले होते. एका शनिवारी तिनं काठवट चुलीजवळ सरकवली, माझ्याकडे पाहिलं, आणि हाक मारली मार्थाला. मी रात्रभर रडले असं लिहिलं तर छान वाटेल, पण मी रडले नाही. मी तावातावानं जाऊन विचारलं, "तिला का? मी तुझी मुलगी ना?"

"तुझ्या हातात घाई आहे गं," आई म्हणाली. बस्स, एवढंच. त्यावर तिनं पुढं आयुष्यभर एक अक्षर वाढवलं नाही.

मी शिकले, सांगलीत नोकरी लागली, लग्न झालं. वर्षातून चार वेळा वडूजला जायची तेव्हा मार्थाच्या हातची भाकर ताटातून यायची. मी खायची. ती चांगली असायची, पापुद्रा कुरकुरीत, आतून मऊ. मी मनात म्हणायची, आईची जास्त पातळ असायची.

सात वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या मंडळ्यांनी मिळून सहा जणांना सेवेसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. पश्चिम केनियातल्या एका खेड्यातल्या मंडळीनं बोलावलं होतं, तीन आठवडे मुलांची शिबिरं आणि बायकांच्या सभा घ्यायला. इंग्रजी येणारी म्हणून माझं नाव पहिलं होतं. मी महिनाभर तयारी केली, साक्ष, म्हणजे देवानं आपल्याला काय शिकवलं ते सांगायचं भाषण, लिहून काढली, तीन मुद्दे केले: धीर, नम्रता, कृतज्ञता. मग कळलं की स्वयंपाकाला म्हणून मार्था येणार आहे. जी कधी पुण्याच्या पुढं गेली नव्हती ती. विमानतळावर तिनं माझा हात धरला तो नैरोबी येईपर्यंत सोडला नाही. लोक आमच्याकडे बघत होते आणि मला तिची लाज वाटत होती.

तिथली माती तांबडी, आपल्या महाबळेश्वरची असते तशी. दुपारचा पाऊस तिथं रोज ठरलेल्या वेळी यायचा. सकाळी धुक्यात निलगिरीच्या लाकडाचा धूर मिसळायचा. बायका बिनकानांच्या पातेल्यात मक्याचं पांढरं पीठ घोटून त्याचा घट्ट गोळा करायच्या, पालेभाजीशी खायच्या. चहा मात्र आपल्यासारखाच, दुधाचा, गोड. आणि चपातीला चपातीच म्हणायच्या, पण ती सणासुदीला. मी या सगळ्याची टिपणं काढत होते, शाळेच्या मासिकासाठी. मार्था पहिल्या दिवशीच तीन दगडांच्या चुलीपुढं जाऊन बसली.

मी बोलायची, दुभाषी त्याचं तिथल्या भाषेत करायचा, बायका माना हलवायच्या. साक्ष संपली की टाळ्या व्हायच्या आणि मग सगळ्या उठून स्वयंपाकघराकडे जायच्या. तिकडून हसणं ऐकू यायचं. मार्था मराठीत बोलायची, त्या त्यांच्या भाषेत, आणि कुणाचं काही अडायचं नाही. तिथं बहिणीला 'दादा' म्हणतात. आठवड्याच्या आत ती सगळ्या गावाची दादा मार्था झाली. मी मॅडम राहिले. तीन आठवडे, शेवटच्या दिवसापर्यंत, मॅडम.

तिथल्या मंडळीत एक वडीलधारी बाई होत्या, मामा नेकेसा. मामा म्हणजे आई. उंच, सावकाश चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझं कौतुक करावं असं मला फार वाटायचं, का ते मलाही सांगता येणार नाही. एका सकाळी त्या माझ्या दिशेनं आल्या, मी हसून उभी राहिले, आणि त्यांनी इंग्रजीत हळूच विचारलं, "दादा मार्था उठली का?"

शेवटच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाव तालुक्याच्या गावाहून यायचा होता आणि शनिवारच्या पावसात ओढ्यावरचा रस्ता वाहून गेला. द्राक्षरसाची काळजी नव्हती, मी सांगलीहून बेदाणा नेला होता, मीच तो भिजवला, मीच उकळला. भाकरीचं काय, म्हणून सगळे बसले होते. मार्था उठली आणि मक्याचं पीठ मागितलं. मक्याच्या पिठाला चिकटा नसतो. तिनं पाणी उकळत ठेवलं आणि काठवट नव्हती म्हणून केळीचं पान पुढ्यात ओढून बसली. बसल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. चंद्राबाईनं विचारायचं ते आता मी विचारायला हवं होतं.

मी विचारलं, "कुणाशी अबोला?"

"कुनाशी न्हाई," ती म्हणाली, पिठात उकळतं पाणी घातलं, झाकून ठेवलं आणि मग थापायला लागली. पहिली भाकरी फुगली तेव्हा बायका ओरडल्या. मामा नेकेसांनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या रोजच्या पिठातून हे कसं निघालं, म्हणून त्या भाकरीला बोट लावून बघत होत्या. मग त्या मार्थाशेजारी मातीत बसल्या आणि त्यांनीही एक थापली, वाकडीतिकडी, आणि दोघी हसत सुटल्या. मी दारात उभी होते, हातात बेदाण्याचं पातेलं घेऊन. ते कुठं ठेवू हे विचारायलाही कुणी मोकळं नव्हतं.

रविवारी प्रार्थनेत तिथल्या पाळकांनी दूरच्या देशातून आलेल्या हातांनी आपल्या मक्याची भाकर केली म्हणून देवाचे आभार मानले. माणसं रडत होती. द्राक्षरसाचा उल्लेख झाला नाही. ताट बाकांवरून हातोहात येत होतं, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. ताट माझ्या हातात आलं. त्या पांढऱ्या, कडेनं करपलेल्या तुकड्यांकडे मी पाहिलं आणि मला आईचा आवाज आला, बघा, बघा. मी ताट तसंच शेजारी दिलं. एक तुकडा न घेता. कुणी पाहिलं नाही. मी डोळे मिटले आणि इतरांसारखी मान खाली घातली.

सेवेला परदेशी जाऊन मी हे केलं.

परत आल्यावर सगळ्या मंडळ्यांतून बोलावणी यायला लागली. सांगली, मिरज, कराड, सातारा. तुम्ही तिकडे विश्वासाबद्दल काय शिकलात ते सांगा. मी माझे तीन मुद्दे घेऊन उभी राहायची, पण लोकांना पकडून ठेवायची ती भाकर. रस्ता वाहून गेला, पाव नाही, मक्याचं पीठ, केळीचं पान. सांगलीत मी म्हणाले, आमच्या मार्थानं भाकर केली. मिरजेत म्हणाले, आम्ही भाकर केली. साताऱ्याला पोचेपर्यंत मी म्हणत होते, मी पिठात उकळतं पाणी घातलं. मुद्दाम ठरवून नाही. पण जीभ अडखळलीही नाही, हेही खरं. बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात मागच्या बाकावर मार्था दिसली. वडूजहून बसनं आली होती, मला ऐकायला.

सभा संपल्यावर ती पुढं आली. मी तिच्या खांद्याकडे बघत राहिले.

"ब्येस बोललीस," ती म्हणाली. "पर तुज्या बेदान्याचं सांगायचं ऱ्हायलं बग."

टोमणा असता तर मला परवडला असता. तिला खरंच वाटत होतं की माझं काहीतरी सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून मी प्रभुभोजनाच्या रविवारी वडूजला गेले नाही. सांगलीत पावाचा तुकडा घेत राहिले. त्याच्यात कुणाचा हात दिसत नाही.

आता ती चुलीशेजारी पाटावर बसली होती, प्लास्टरचा हात ओढणीच्या झोळीत. केस सगळे पांढरे. मी बेदाणा तिच्यापुढं ठेवला, तिनं डाव्या हातानं एक दाणा उचलून तोंडात टाकला.

"आडतीस हात वर झाल्यात," ती म्हणाली. "बस."

काठवट मी पहिल्यांदाच पुढ्यात ओढली. बेचाळीस वर्षं वाट पाहिलेली वस्तू जड निघाली. झिजलेल्या काठावरून मी हात फिरवला. आईची झीज कुठं संपते आणि मार्थाची कुठं सुरू होते, ते कळत नव्हतं.

"कुनाशी आबोला?" मार्थानं विचारलं.

"कुणाशी नाही," मी म्हणाले आणि पिठात पाणी ओतलं.

पहिली भाकरी उचलतानाच फाटली. दुसरी तव्यापर्यंत गेली आणि मधोमध चिरली. दळण ताजं होतं, तेव्हा पिठाला दोष देता येत नव्हता. मार्थानं चुलीतलं लाकूड थोडं मागं ओढलं. तिसरा गोळा हातात घेतला आणि माझे हात थांबले. हातावरचं पीठ वाळायला लागलं.

"मार्था," मी म्हणाले, "केनियात त्या रविवारी मी तुझी भाकर खाल्ली नाही. ताट पुढं सरकवलं."

तिनं झोळीतला हात जरा वर घेतला.

"तुझी होती म्हणून. आईनं तुला काठवट दिली म्हणून. मामा नेकेसा तुझ्याशेजारी बसल्या म्हणून. साताऱ्यात मी 'मी केली' म्हणाले ते पण त्यातलंच. मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो. तुझा हात मोडला म्हटल्यावर मला आधी बरं वाटलं."

हे शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण एकदा धार लागली की थांबवता येत नाही. मार्थानं डाव्या हातानं कपाळावरचे केस मागं केले.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तितं सत्तेचाळीस हात वर झाल्ते. म्या सत्तेचाळीस तुकडं क्येलं. ताटात येक उरला. मंग दारात हुबी ऱ्हायले, पाळकीणबाई ऱ्हायच्या तशी, आन् त्वांडं बगितली. तू भायेर आलीस तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलनार? साकरंची पुडी घिऊन तुज्याकडं यावं म्हनलं, तर तू येकाच खोलीत माज्याशेजारी निजलीली." ती हसली. मग हसणं थांबवून चुलीकडे बघत म्हणाली, "त्यो तुकडा म्या खाल्ला. तुज्या नावानं खाल्ला, बेबे. म्हनलं, देवा, हा तिचा हाय, तिला आज घास गिळंना, म्हनून मी खाते. तिच्या खात्यावर धर. लय कोरडा झाल्ता."

मला रडू आलं. आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यातही तो होताच, तो जुना, माझ्या ओळखीचा हेवा. माझ्यासाठी अशी प्रार्थना मीसुद्धा कधी केली नव्हती. मामा नेकेसांनी दादा कुणाला म्हणायचं आणि मॅडम कुणाला, ते बरोबर ओळखलं होतं. आईनंही ओळखलं होतं. तीन मुद्दे घेऊन तेवढा समुद्र ओलांडून मी जे शिकले नाही, ते मी त्या धुरकट खोलीत, हाताला पीठ लागलेलं असताना ऐकत होते, आणि ते मला शिकवायला देवाला नेमकी हीच बाई सापडावी याचाही मला राग आला.

"डोळं पूस आन् थाप," मार्था म्हणाली. "हळू. कडंनं. मदी जोर लावू नगंस. भाकरीला कुटं गाडी गाठायचीय?"

मी हळू थापली. ती फाटली नाही. फुगलीही नाही, एका बाजूनं जरा करपली, पण अख्खी उतरली. चौथी थोडी बरी झाली. पाचवीला कडेला एक छोटा फुगा आला, आणि मार्था "बग, बग!" म्हणून ओरडली. एवढ्याशा फुग्याला. मी पुढची भाकरी करायची सोडून तो विरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

बेदाणा उकळला तेव्हा सहा वाजून गेले होते. बाहेर कुणीतरी चर्च झाडत होतं, खराट्याचा आवाज येत होता. गाळलेल्या फडक्यातून मार्थानं दोन दाणे काढले, एक मला दिला. मी तिचा बघितला. सारखेच होते.

"उद्या साक्षीत तुझं नाव घेणार आहे," मी म्हणाले. "खरं काय झालं ते सगळं सांगणार. मग साताऱ्यालाही जाऊन सांगेन."

"सांग की. पर बेदान्याचं इसरू नगंस."

मग आम्ही भाकरी मोडायला बसलो. मी मोडायची, ती डाव्या हातानं मोजून पांढऱ्या रुमालावर ठेवायची, ओठ हलवत, गणितात कच्ची होती तरी एक तुकडा न चुकता. अडतीस भरल्यावर तिनं हात थांबवला, मग माझ्यासमोर बोट धरलं.

"तू धरून आडतीस. सबेला नव्हतीस, तरी तुजा हात म्याच वर क्येल्ता." रुमालाची टोकं तिनं माझ्याकडे सरकवली. "यंदा तुजा तूच खा. मला आता दोन तुकडं पचत न्हाईत."

मी हो म्हणाले. रुमालाची गाठ मीच मारली. एका हातानं तिला ती मारता येत नव्हती. त्या दिवशी तिच्यापेक्षा मला बरी जमलेली ती एकच गोष्ट, आणि ती मी अगदी सावकाश केली.